आल्टाताईंच्या वर्गातली चिठ्ठी

प्रिय आल्टाताई,

हिकरी रनच्या सभाघराला दोनशे वर्षं होताहेत म्हणून पुस्तिका निघते आहे, आणि तुमच्यावरचा मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कमिटीने नमुना म्हणून एक कागद पाठवला. त्यात तुम्ही 'मृदुभाषी' आहात आणि 'मुलांवर मायेची पाखर' घालता आहात. मृदुभाषी? ग्लेन हॉस्टेटरला तुम्ही भर वर्गात म्हणाला होतात, "तुझ्या डोक्यात गवत भरलंय ते भरलंय, वर ओलंही आहे. ओलं गवत आतल्या आत तापतं, एक दिवस कोठार पेटेल." पाखर तुम्ही घातलीत ती तीनशे कोंबड्यांवर, आणि त्याही तुम्हाला टरकून असत.

चिठ्ठीचं प्रकरण गाळावं, असं कमिटीने खाली बारीक अक्षरात लिहिलंय. मी ते गाळणार नाही. फक्त आता तुमच्याबद्दल 'त्या' करून लिहिते. तोंडावर सांगायला लागले तर तुम्ही दर दुसऱ्या वाक्याला चुका काढाल.

आल्टा निस्ली मोठ्या मुलांच्या रविवारच्या वर्गावर आल्या त्या तात्पुरत्या. त्या वर्गाचे मास्तर एल्मर वीव्हर कोठाराच्या माळ्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा बिशप ओमर हर्नली म्हणाले, "आल्टा, हाड जुळेपर्यंत बघ जरा." हाड तीन महिन्यांत जुळलं. एल्मरभाऊ मात्र वर्गाकडे फिरकले नाहीत. दर रविवारी तासभर चौदा-पंधरा वर्षांची पोरं सांभाळण्यापेक्षा पुन्हा माळ्यावरून पडलेलं बरं, असं ते घरी म्हणाल्याचं त्यांच्या बायकोनेच सगळ्यांना सांगितलं. मग तात्पुरतं होतं तेच चालू राहिलं. एकसष्ट साली त्याला नववं वर्ष लागलं होतं. बाईमाणसाने मिसरूड फुटलेल्या मुलांना शास्त्र शिकवावं का, हा प्रश्न अधूनमधून निघे, आणि ओमरभाऊ खिशातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून दुसरीकडे बघत. त्या काळात आमच्या मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या, सभांमध्ये पुष्कळ प्रश्न असेच सुटत.

वर्ग भरायचा तळघरात, कोळशाच्या भट्टीशेजारी. दोन बाकं, मुलांचं एक, मुलींचं एक, मध्ये पडदा नाही पण असल्यासारखंच. आठ पोरं होती. आल्टाताईंचं म्हणणं असं की वाचलेलं या कानातून त्या कानात जातं, हाताने केलेलं हातात राहतं. म्हणून निवासमंडपाचा, म्हणजे वाळवंटातल्या देवाच्या तंबूचा, धडा आला की पोरं विल्बर मेट्झलरच्या कुरणात गवत बांधायची दोरी घेऊन त्याची लांबी हातांनी मोजत फिरत आणि गायी बघत उभ्या राहत. यहेज्केल संदेष्टा तीनशे-कितीतरी दिवस एका कुशीवर निजला, तर मार्लिन लाँगला त्यांनी तासभर डाव्या कुशीवर निजायला लावलं. तो घोरायला लागला. पळून गेलेल्या गुलामाला परत घे म्हणून पौलाने फिलेमोनाला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर फिलेमोनाच्या नावाने ग्लेनला लिहायला दिलं. ग्लेनने लिहिलं, "येऊ दे. पण गेल्या आठवड्याचा गोठा तसाच पडलाय, तो आधी साफ करावा लागेल." आल्टाताई ते वाचून इतक्या हसल्या की त्यांना डोक्यावरची जाळीची टोपी सारखी करावी लागली. मग म्हणाल्या, "आता खरं सांग, तू फिलेमोन असतास तर यापेक्षा बरं काही लिहिलं असतंस?" ग्लेन तो आठवडाभर गप्प होता, असं त्याच्या आईचं म्हणणं.

फेऱ्या घालून आरोळी ठोकल्यावर यरीहो शहराची भिंत पडते, त्या धड्याच्या दिवशी पोरांनी सभाघराला सात फेऱ्या घातल्या आणि सातव्या फेरीला आरोळी ठोकली, तेव्हा आत म्हाताऱ्या बायकांच्या वर्गात कुणाचा तरी चष्मा पडला. "शाळा आहे की तमाशा?" असं एडना वीव्हर म्हणाल्या. भिंत पडली नाही, एवढंच.

पण हा वर्ग आल्टाताईंना काय होता, हे कळायला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगावी लागते.

आमच्याकडे उपदेशकाची जागा रिकामी झाली की अर्ज मागवत नसत. सभेतल्या एकेकाने आतल्या खोलीत जाऊन बिशपच्या कानात एक नाव सांगायचं. ज्यांची नावं पुरेशी आली ते पुरुष पुढे बसत. तितकीच गीतांची पुस्तकं मेजावर, एकसारखी, दोऱ्याने बांधलेली. एकाच पुस्तकात चिठ्ठी: चिठ्ठी माणूस टाकतो, निकाल देवाचा असतो, अशा अर्थाचं वचन लिहिलेली. वडीलधाऱ्याने आधी, मग वयाने पुढचा, असं एकेकाने पुस्तक उचलायचं. ज्याच्यात चिठ्ठी, तो जन्मभर उपदेशक. पगार नाही, शिक्षण नाही, नाही म्हणायची सोय नाही. आणि जागा मला हवी, असं ज्याच्या तोंडून चुकून निघालं, तो पहिल्यांदा बाद.

पंचवीस साली ती चिठ्ठी जेकब निस्लींच्या पुस्तकात निघाली. आल्टा सात वर्षांची होती. जेकब हा माणूस कोंबड्यांशीसुद्धा कमी बोलायचा. पहिल्या रविवारी तो चार मिनिटं उभा राहिला, त्यातली तीन गप्प. घरी आल्यावर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला आणि टेबलावर डोकं ठेवलं. बायको म्हणाली, "जेक, सूप निवतंय." तो म्हणाला, "निवू दे."

आल्टा बारा वर्षांची झाली तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी ती त्या टेबलाशी वडिलांसमोर बसे. आधी नुसता उतारा वाचून दाखवायची. मग म्हणायची, "बाबा, हे असं असेल का?" मग ते असं का असेल ते अंड्यांच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर मुद्दे काढून लिहायची. जेकब ते पुठ्ठे शास्त्राच्या पुस्तकात ठेवून व्यासपीठावर जायचा आणि वाचायचा. हिकरी रनमध्ये म्हणत, जेकब निस्ली बोलतो कमी, पण बोलतो ते भरीव. सव्वीस वर्षं ते पुठ्ठे चालले. आई जाणून होती. बिशप ओमरभाऊंना कळलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या कधी संपत नसत.

वडील वारले तेव्हा आल्टाताई अडतीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, घरी म्हातारी आई. शनिवारची संध्याकाळ एकदम मोकळी झाली. नव्या उपदेशकासाठी पुस्तकं मांडली गेली तेव्हा त्या बायकांच्या बाजूला चौथ्या बाकावर बसून बघत होत्या. सहा पुरुष पुढे, सहाही जणांचे चेहरे पांढरे. 'या सहांपैकी एकालाही हे नको आहे,' असा विचार त्यांच्या मनात आला. त्याच्या मागोमाग दुसराही आला, तो त्यांनी दाबून टाकला. रविवारच्या वर्गाची तयारी आता शनिवारी होऊ लागली.

त्या वर्गात त्यांनी आम्हाला काय काय दिलं, ते पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर येईल. इथे चिठ्ठीचं सांगते.

साठच्या हिवाळ्यात शेजारच्या सभेत अशीच निवड झाली आणि ग्लेन वर्गात येऊन म्हणाला, "बिंगोच की हा! बंबवाल्यांच्या जत्रेत आकड्यांचा जुगार असतो तसा."

"तू कधी रे गेलास जत्रेला?" आल्टाताईंनी विचारलं.

"नाही नाही, ऐकलंय."

"ऐकलेलं तुझ्या शर्टावर सांडलेलं दिसलं होतं मला. जांभळं सरबत होतं."

पोरं हसली, पण बिंगो हा शब्द आल्टाताईंच्या मनातून जाईना. टेबलावर ठेवलेलं वडिलांचं डोकं त्यांनी पाहिलेलं होतं. ईस्टरनंतर प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय आला, यहूदाच्या जागी चिठ्ठी टाकून मथ्थियाला निवडतात तो, तेव्हा त्यांनी ठरवलं की हे हाताने करायचं. आणि करायचं तर नीट करायचं. इथेच सगळं बिघडलं. दुसरं कुणी असतं तर चार कागद मुरगळून टोपीत टाकले असते. आल्टाताईंनी दोन रविवार घेतले.

पहिल्या रविवारी कोळशाच्या खोलीच्या दाराशी त्या उभ्या राहिल्या आणि एकेकाने येऊन कानात नाव सांगायचं. लुएटा मेट्झलरने विचारलं, "मुलींची नावं चालतील का?"

शास्त्रात पुरुष म्हटलंय, हे आल्टाताईंना पाठ होतं. मग म्हणाल्या, "इथे चालतील."

नावं आली चार. ग्लेन, मार्लिन, मार्लिनची चुलत बहीण व्हेल्मा, आणि लुएटा.

दुसऱ्या रविवारची चिठ्ठी लिहायला त्या शनिवारी बसल्या. लिहिता येईना. ते वचन खेळासाठी उतरवून काढायचं म्हणजे लबाडी, असं त्यांना वाटायला लागलं. वडिलांच्या शास्त्राच्या पुस्तकात त्यांची खरी चिठ्ठी होती, पंचवीस सालची, जुन्या बिशपच्या अक्षरातली. ती त्यांनी घेतली. खोटी चिठ्ठी लिहिणं पाप, आणि खरी वापरणं चालतंय! यालाच मी आमच्या लोकांची अक्कल म्हणते. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक होणार नाही.

वर्ग नेहमीसारखा प्रार्थनेने सुरू झाला. चार पुस्तकं, वरच्या कपाटातली, दोऱ्याने बांधलेली. आल्टाताईंनी पाठीमागे धरून ती उलटीपालटी केली, मग वर्गातल्या सर्वात लहान मुलीला पुन्हा करायला दिली, म्हणजे आपल्यालाही कळायला नको. ती सर्वात लहान म्हणजे मी. मी ती दोनदा उलटीपालटी केली.

ग्लेनने पहिलं उचललं आणि तोंडातल्या तोंडात "बिंगो" म्हणाला. कुणी हसलं नाही. मग मार्लिन. मग लुएटा. मग व्हेल्मा. आल्टाताई बिशप करतात तशा समोर जाऊन दोरे सोडायला लागल्या. ग्लेनच्या पुस्तकात नव्हती. त्याने जो श्वास सोडला तो सगळ्यांनी ऐकला. मार्लिनच्यात नव्हती. लुएटाचा दोरा सुटला आणि पुस्तक आपोआप त्या पानावर उघडलं.

भट्टीत कोळसा खाली बसल्याचा आवाज झाला. ग्लेन पांढरा पडला होता, आणि चिठ्ठी त्याच्या पुस्तकात नव्हतीच.

लुएटाने ती उचलली, स्वच्छ आवाजात वाचली आणि विचारलं, "आता मी काय करायचं?"

'काही नाही गं, धडा होता. ठेव ते पुस्तक आणि घरी जाऊन जेव.' असं म्हणायचं होतं. आल्टाताईंच्या तोंडून निघालं ते छत्तीस वर्षांपूर्वी बिशप त्यांच्या वडिलांना म्हणाले होते तेच: "घरी जा आणि प्रार्थना कर."

आमच्या रस्त्यावरच्या नऊ घरांना मिळून फोनची एकच तार होती. दुपारची धार काढायच्या आत नऊ घरांना कळलं की मेट्झलरांची लुएटा उपदेशक झाली. सोमवारपर्यंत दोन पक्ष पडले. एडना वीव्हरचं म्हणणं, चिठ्ठी एकदा वापरली की संपली. शिक्का मारलेला पोस्टाचा स्टँप दुसऱ्या पाकिटावर चालतो का? त्यांचे यजमान एल्मर, तेच माळ्यावरून पडलेले, म्हणाले, "स्टँप पोस्टाचा असतो, एडना. हे वचन पोस्टाचं नाही. त्याला शिक्का कोण मारणार?"

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही वर्ग सोडला नसता तर हे झालंच नसतं."

मंगळवारी लुएटाचा बाप विल्बर मेट्झलर आल्टाताईंच्या अंगणात आला. त्या अंडी पुसत बसल्या होत्या. तो गाडीतून उतरला तेव्हाच टोपी काढून हातात धरली होती. भांडायला आलेला माणूस टोपी काढत नाही, म्हणून त्या जास्त घाबरल्या.

"आल्टा, माझ्या पोरीला तू काय करून ठेवलंस?"

"जेवत नाही का?"

"जेवते. दोघांचं जेवते. पण पहाटे चारला माझ्याबरोबर गोठ्यात येते आणि गायींना कृत्यांचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते."

"दूध कमी झालं का?"

"नाही," विल्बर म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला. "हसण्यावारी नेऊ नकोस. तिची आई रडतेय. मुलीला उपदेशक कोण करून घेणार? आणि चिठ्ठी खरी असेल तर नाही कसं म्हणायचं? मी तर म्हणतो खोटी होती. तू सांग खोटी होती म्हणून."

आल्टाताईंनी हातातलं अंडं पुसून ट्रेमध्ये ठेवलं. "चिठ्ठी बाबांची होती, विल्बर."

विल्बरने टोपी डोक्यावर घातली. "मग मी ओमरभाऊंकडे जातो. येत्या शनिवारी सल्ला-सभा आहे. मी तिथे माझ्या मनात शांती आहे असं म्हणू शकत नाही. सांगून ठेवतो."

हे मोठं होतं. वसंतातल्या प्रभुभोजनाच्या आधी सल्ला-सभेत प्रत्येकाने सांगायचं की माझी देवाशी आणि शेजाऱ्याशी शांती आहे. एकानेही नाही म्हटलं तर पानं मांडली जात नाहीत. आल्टाताईंना कळून चुकलं की शनिवारी एकतर पोरीच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली जाईल, नाहीतर त्यांच्या हातातला वर्ग, आणि बहुतेक दोन्ही.

गुरुवारी ओमरभाऊ आले. मोठ्या अंगाचा माणूस, बसला की खुर्ची बोलायची. आल्टाताईंनी काकवीचा पाय, तळ ओला राहणारा आमच्याकडचा भाजलेला गोड पदार्थ, पुढे ठेवला. ओमरभाऊंनी तो आधी खाल्ला, मग बोलले.

"प्रार्थना झाली होती?"

"झाली होती."

"नावं कानात घेतली होती?"

"हो."

"पुस्तकं कपाटातली?"

"कपाटातली."

"दोरा?"

"दोरासुद्धा, ओमरभाऊ."

ओमरभाऊंनी डोळे मिटून घेतले. "आल्टा, तू जरा ढिसाळ असतीस तर माझं किती सोपं झालं असतं." मग म्हणाले, "नऊ वर्षं मी तुझा वर्ग पाठीशी घातलाय. आता तिघे जण म्हणतात, मुलगे एखाद्या पुरुषाकडे द्यावेत आणि मुली एडनाकडे. मला दर महिन्याला तेच ऐकायचंय का?"

"एडना त्यांना पाठांतर करायला लावील."

"पाठांतराने कुणी उपदेशक होत नाही."

"तेच म्हणतेय मी," आल्टाताई म्हणाल्या. ओमरभाऊंनी दुसरा तुकडा घेतला.

शनिवारी सभा सुरू व्हायच्या आधी आतल्या छोट्या खोलीत चौघं बसले: ओमरभाऊ, विल्बर, आल्टाताई आणि लुएटा. लुएटाने करड्या रंगाचा साधा झगा घातला होता, काळे मोजे, टोपीचे बंद घट्ट. चिठ्ठी तिने आणली होती. पंधरा वर्षांची होती, आदल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेली, म्हणजे सभेत तिच्या शब्दाला वजन होतं.

"लुएटा," ओमरभाऊ म्हणाले, "ताईंनी तुला ते पुस्तक उचलायला सांगितलं तेव्हा तुला खेळ वाटला?"

"नाही."

"भीती वाटली?"

"ग्लेनला वाटली. मला नाही."

"मग काय वाटलं?"

लुएटाने वडिलांकडे बघितलं, मग मेजाकडे. "माझ्या पुस्तकात असावी असं वाटलं."

"म्हणजे तुला हवी होती?"

"हो."

ओमरभाऊंनी इतका मोठा श्वास सोडला की मेजावरचा कागद हलला. विल्बरचे खांदे खाली आले. सुटले सगळे. ज्याला हवी असते त्याची ती नसते. हे हिकरी रनमधल्या पोरासोरांनाही माहीत होतं. "अगं, मग सुटलं," ओमरभाऊ प्रेमाने म्हणाले, "आपल्यात मागणाऱ्याला ती मिळत नाही."

"पण मला मिळाली," लुएटा म्हणाली.

ओमरभाऊंनी खिशात हात घातला आणि पेपरमिंटची गोळी काढली. एक लुएटालाही दिली. दोघांनी गोळ्या चघळून संपवल्या.

शेवटी ते म्हणाले, "मिळाली ती वर्गात. मग वर्गातच राहू दे. दर रविवारी वर्गाचा उतारा तू वाचायचास, आणि तुला काय कळलं ते दोन शब्दांत सांगायचंस. आल्टाच्या देखरेखीखाली. अठराची होईपर्यंत. विल्बर, हे चालेल?"

"दोन शब्द म्हणजे किती?" विल्बरने विचारलं.

"दोन म्हणजे दोन. तिच्या आईला सांग, रडू नको म्हणावं. आणि आल्टा, पुन्हा दोरा नाही."

"पुन्हा दोरा नाही," आल्टाताई म्हणाल्या. वर्ग वाचला होता. त्यांना हे कळायला थोडा वेळ लागला.

"आणि एक," ओमरभाऊ उठता उठता म्हणाले. "हवंसं वाटणं हा काय धोका आहे, ते पोरीला तू समजाव. जेकबची मुलगी तू. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

त्या दोघी घोड्यांच्या जुन्या छपराशी उभ्या राहिल्या. आत गाणं सुरू झालं होतं. आल्टाताईंनी सांगितलं, जसं सांगायचं असतं तसं: सेवेची इच्छा धरू नये, ती वरून यावी, इच्छा धरणाऱ्याच्या मनात मोठेपणा असतो. लुएटाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं नाही, ताई?"

आत सगळ्यांच्या शांतीचा प्रश्न होता. आठ पोरांचा वर्ग मघापर्यंत हातातून गेल्यात जमा होता. आल्टाताई म्हणाल्या, "चल, आत चल, आपल्याला उशीर होतोय."

विल्बरने सांगितलं, मनात शांती आहे. दुसऱ्या दिवशी पानं मांडली गेली.

पुढे काही वाईट झालं नाही. झालं ते चांगलंच. लुएटाचे दोन शब्द पहिल्या महिन्यात वीस मिनिटांचे झाले. ग्लेन म्हणायचा, "दोन शब्द संपले की उठवा मला," आणि झोपायचा मात्र नाही. ओमरभाऊ एकदा भट्टी बघायला म्हणून तळघरात उतरले आणि शेवटपर्यंत भट्टी बघत राहिले. लुएटा एकोणिसाव्या वर्षी ओहायोच्या एका चीज करणाऱ्या मुलाशी लग्न करून गेली, तिकडे शाळेची बस चालवली, पाच मुलं वाढवली आणि रविवारचा वर्ग घेतला. तिच्या सभाघरालाही यरीहोच्या फेऱ्या पडल्या म्हणे. उपदेशक ती झाली नाही. तिला पुढे कुणी विचारलं नाही, आणि विचारायचे दिवस आले तेव्हा ती आजी झाली होती.

आल्टाताईंनी वर्ग एकूण अडतीस वर्षं चालवला. आमच्यातले अर्धे लोक शास्त्र त्यांच्याकडून हाताने शिकलेत. ग्लेन हॉस्टेटर पुढे सभेचा डीकन, म्हणजे उपदेशकाचा मदतनीस, झाला, चिठ्ठीनेच. तो पुस्तक उचलताना रडला. आल्टाताई मला म्हणाल्या, "धडा पोचला. वीस वर्षं लागली, पण पोचला." समाधानी बाई होती. तक्रार एकच, की वृद्धाश्रमातला काकवीचा पाय ओला नसतो. तिथेही शेवटची वर्षं त्यांनी जेवणाच्या टेबलाशी शास्त्राचा तास सुरू केला, आणि नव्वदीच्या म्हाताऱ्यांना बंदिशाळेतल्या पौलाच्या नावाने पत्रं लिहायला बसवलं. सगळ्यांनी जेवणाबद्दल लिहिलं.

आता पुन्हा तुमच्याशीच बोलते, आल्टाताई, कारण हे पुस्तिकेत जाणार नाही.

मी ओहायोला भाचीच्या लग्नाला निघाले होते, त्या आधी तुम्हाला भेटायला आले होते. तुम्ही खिडकीपाशी होतात. म्हणालात, "लुएटा येईल ना तिथे? तिला सांग, मलाही हवी होती."

"काय हवी होती?"

"तू सांग. तिला कळेल."

"तुम्हीच फोन करा की."

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती? तू तोंडाने सांग."

मी बरं म्हटलं. लग्नात लुएटा तीनशे माणसांना पुदिन्याचा गार चहा वाढत होती, आणि माझ्याजवळ आली तेव्हा दोन्ही हातांत चहाचे जग होते. बोलणं झालं ते बर्फ संपल्याचं. दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा तिच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, आम्ही दुपारभर गुडघ्यांवर बोललो, निघताना आठवलं, आणि तिचा नवरा गाडी सुरू करून उभा होता. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "सांगितलंस?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी." तुम्ही म्हणालात, "ओलं गवत." नोव्हेंबरात तुम्ही गेलात.

त्याला तीन वर्षं झाली. लुएटा आहे अजून, ऐकू नीट येतं, बस सोडलीय. मी काही तिकडे गेलेले नाही.